मालवणच्या पाण्यात कोणते मासे भेटतील, आणि जपायचं कुणापासून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या तरणतलावात स्कूबाच्या ओपन वॉटर कोर्सचा पहिला भाग झाला आहे. खुल्या समुद्रातल्या चार डाइव्ह डिसेंबरात मालवणला होतील आणि फेब्रुवारीत अंदमानला जायचा बेत आहे. पाण्याखाली कोणते मासे दिसतील, त्यांतले धोकादायक कोणते, आणि घरच्यांना वाटणारी शार्कची भीती कितपत खरी?

शार्कची भीती आधी बाजूला ठेवू. मालवणला पहिल्या चार डाइव्हमध्ये शार्क दिसला तर ते भाग्य समजा. पश्चिम किनाऱ्यावर डायव्हरला दिसलीच तर बहुधा बांबू शार्क दिसते, म्हणजे कपारीत पोट टेकून पडलेली, हातभर लांबीची मुशी. दिवसा ती झोपेतच असते. इतकी वर्षं शिकवताना पाण्यात दुखापत झालेले जे डायव्हर मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांनी कुठेतरी हात टेकवला होता, वाळूत गुडघा रोवला होता किंवा न बघता तळावर पाय ठेवला होता. मासा आपणहून अंगावर आला असं फार क्वचित घडतं. म्हणून माझं उत्तर असं की पोहणाऱ्या माशांची चिंता सोडा आणि पडून राहणाऱ्या माशांकडे लक्ष द्या.

मुंबईसमोरच का नाही उतरायचं, असं बरेच जण विचारतात. मासे नाहीत असं मुळीच नाही. मोठ्या ओहोटीला वरळी किंवा हाजी अलीच्या खडकांवर गेलात तर डबक्यांत छोटे गोबी आणि वाम दिसतात, खडकाला धरून वाढलेली प्रवाळंही दिसतात. कोस्टल रोडच्या कामात त्यांतल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या. अडचण पाण्याची आहे. खाड्यांचा गाळ, शहराचं सांडपाणी आणि उधाणाला पाच मीटरच्या आसपास चढउतरणारी भरती-ओहोटी, यांमुळे पाणी कधी निवळतच नाही. आपलीच बोटं दिसत नाहीत अशा पाण्यात मी कुणाला शिकवणार नाही.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकाळ तळ आहे, त्यावर प्रवाळ आहेत, आणि हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पावसाळ्यात सगळं बंद असतं. ऑक्टोबरपासून पाणी हळूहळू निवळायला लागतं, त्यामुळे डिसेंबर चांगला. तारीख तुमच्या हातात असेल तर भांगाची, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हाची निवडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ जास्त असते आणि गाळ उठतो. अष्टमीच्या आगेमागे ओढ मंदावते, पाणी स्वच्छ होतं. मालवणचे होडीवाले हे पंचांग न बघता सांगतात, त्यांना फोन करून विचारा आणि मगच तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढा.

उतरल्या उतरल्या भेटतात ते सार्जंट मेजर. तळहाताएवढे, पाठीवर पिवळसर झाक आणि अंगावर काळे उभे पट्टे. ते थव्याने येतात आणि अगदी मास्कपर्यंत येतात. खडकावर जांभळट रंगाचा एखादा गुळगुळीत चट्टा दिसला आणि त्यावर एकटाच सार्जंट मेजर घिरट्या घालताना दिसला, तर तो नर आपली अंडी राखतो आहे. जवळ गेलात तर तो तुमच्या हाताला टोचा मारेल. त्याने इजा होत नाही, पण तुम्ही त्याला हुसकावलंत तर तेवढ्या वेळात बाकीचे मासे अंडी खाऊन टाकतात. तिथून दोन हात लांब राहा.

त्याच खडकांवर बॅनरफिश दिसतील, पाठीवरून पांढरी लांब शेपटासारखी पट्टी मागे सोडणारे, बहुधा जोडीने. फुलपाखरू मासेही जोडीने फिरतात. तांबोशीच्या कुळातले पिवळे, निळ्या रेघांचे स्नॅपर थवा करून खडकाच्या आडोशाला स्थिर उभे असतात. मला स्वतःला सगळ्यांत जास्त आवडतो तो निळ्या वळ्यांचा एंजलफिश. मोठा मासा तपकिरी-केशरी, त्यावर निळ्या वळणदार रेघा आणि कल्ल्याच्या वर एक निळं कडं. पिल्लू मात्र गडद निळं-काळं, त्यावर पांढऱ्या-निळ्या उभ्या कमानी. दोघांना शेजारी ठेवलं तरी एकाच जातीचे आहेत हे पटत नाही. या रंगफरकाचं कारण असं मानलं जातं की मोठा मासा आपल्या हद्दीत दुसरा मोठा शिरू देत नाही, पण वेगळ्या रंगाच्या पिल्लाकडे दुर्लक्ष करतो. त्यामुळे पिल्लाला त्याच खडकावर निभावून नेता येतं.

इथे दोन गोष्टी माहीत असू द्या, नाहीतर वर आल्यावर कुणाशीच वर्णन जुळत नाही. पहिली आकाराची. मास्कच्या काचेतून पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते आणि एक चतुर्थांश जवळ भासते. मुंबईतल्या सिटीलाइटच्या मासळीबाजारात नजरेने सुरमईचं वजन सांगणारा माणूसही पाण्याखाली चुकतो. दुसरी रंगाची. पाणी लाल रंग आधी शोषून घेतं, त्यामुळे आठ-दहा मीटरवरच लाल मासा करडा किंवा काळपट दिसू लागतो. कपारीत मोठ्या डोळ्यांचे सोल्जरफिश राखाडी दिसतात, टॉर्चचा उजेड पडला की लालभडक होतात. दिवसाच्या डाइव्हलाही छोटा टॉर्च बरोबर ठेवा.

खडकाच्या छताखाली गोब्रा असतो. तो फार हलत नाही, तुमच्याकडे बघत राहतो आणि तुम्ही सरळ त्याच्या दिशेने गेलात की मागच्या मागे अंधारात शिरतो. त्याला बघायचं असेल तर बाजूने, हळू, आणि श्वास एकदम न सोडता जा. बुडबुड्यांचा मोठा आवाज माशांना बुजवतो. गोब्र्याच्या बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो, मोठा झाल्यावर काही नर होतात. म्हणून ज्या खडकावरचे सगळे मोठे गोब्रे पकडून नेले, तिथे मागे राहतात त्या बहुतांशी माद्याच. गोब्र्याला भाला मारून फोटो काढणारे लोक अजूनही भेटतात. अशा गटाबरोबर डाइव्ह करू नका, एवढंच सांगेन.

आता तळ. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिला पाकट. मुंबईकरांना तो माहीत आहे. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर उथळ पाण्यात उभ्या असलेल्या कितीतरी भाविकांना पाकटांनी डंख मारले होते. पाकट कुणावर चालून गेले नव्हते, ते वाळूत पडून होते आणि त्यांच्यावर पाय पडला. शेपटीवर करवतीसारखे दाते असलेला काटा असतो, त्याच्या खालच्या खोबणीत विषारी पेशी असतात, आणि अंगावर दाब आला की शेपटी वर उसळते. डायव्हरला हे होतं ते वाळूवर गुडघे टेकून मास्क साफ करताना किंवा किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरताना. चालत उतरायचं असेल तर पाय उचलून टाकू नका. वाळूतून घासत, सरकवत न्या. तळ थरथरला की पाकट स्वतःच निघून जातो. आणि पाण्यात पाकटाच्या वरून, शेपटीच्या मागून पाठलाग कधीच करू नका. बाजूला थांबलात तर अंदमानात निळ्या ठिपक्यांचा पाकट वाळू उडवत खेकडे शोधताना बराच वेळ बघता येतो.

दुसरा दगडमासा आणि त्याचे विंचूमासे भाऊबंद. यांची ओळख पटवायला मी विद्यार्थ्यांना तोंड शोधायला सांगते, कारण अंग शोधून सापडत नाही. शेवाळ, चट्टे, कातडीचे लोंबते तुकडे, सगळं खडकासारखं. पण खडकाला वर वळलेल्या ओठांची अर्धगोल रेघ नसते. दगडमाशाच्या पाठीवर तेरा काटे असतात आणि प्रत्येकाच्या बुडाशी विषाच्या पिशव्या. पाय पडला तर काटा पातळ तळव्याच्या बुटातूनही आत जाऊ शकतो. त्याच्या विषाची वेदना माशांच्या डंखांतल्या सर्वांत तीव्र वेदनांपैकी मानतात. तो पळत नाही, कारण त्याला पळायची गरज पडत नाही.

तिसरा लायनफिश. हा लपत नाही, पंख पसरून मिरवतो, म्हणून त्याच्याजवळ जाण्याचा मोह होतो. त्याचेही पाठीचे तेरा काटे विषारी असतात, शिवाय पोटाखाली आणि शेपटीच्या अलीकडे आणखी. दिवसा तो छताखाली उलटा लटकलेला असतो, आणि अडचण अशी होते की डायव्हर खाली बघत असतो आणि डोकं वरच्या कपारीला लावतो. फोटो काढताना मागे कोण आहे ते आधी बघा. मागे सरताना दुसऱ्या लायनफिशवर जाऊन बसलेला फोटोग्राफर मी पाहिला आहे.

चौथ्याचं नाव ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल: शिंगाळा. मासळी साफ करणाऱ्या कोणत्याही कोळणीला विचारा, शिंगाळ्याचा काटा लागला की काय होतं ते ती सांगेल. पाण्याखाली त्याचेच पट्टेदार नातेवाईक, काळ्या अंगावर पांढऱ्या रेघांचे, पिल्लं असताना शेकड्यांनी एकत्र गोळा करून तळावरून लोळत पुढे जातात. मागचे वरून पुढे येतात, पुढचे खाली जातात. इतकं देखणं दृश्य असतं की नवखा डायव्हर हात घालतो. हात घालू नका, पाठीचा आणि बाजूचे काटे विषारी आहेत.

या चौघांच्याही डंखाला पहिला उपचार एकच आहे, आणि तो प्रत्येक डायव्हरला पाठ हवा. हे विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने त्याचा जोर कमी होतो. जखमी भाग सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, जास्तीत जास्त ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायचा. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या माणसाने हात घालून बघायचं, कारण वेदनेत असलेल्याला आपण भाजतो आहोत हे कळत नाही. वर दोरी आवळायची नाही, चिरा पाडायचा नाही, तोंडाने ओढायचं नाही. त्यानंतर दवाखाना: काट्याचा तुकडा आत राहिला आहे का ते पाहायला, धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आणि जंतुसंसर्ग टाळण्यासाठी. दम लागला, चक्कर आली किंवा दगडमाशाचा संशय असेल तर गरम पाण्याची वेळ पूर्ण होण्याची वाट न बघता रुग्णालयाकडे निघा आणि पाणी बरोबर न्या. पाकटाचा काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो उपटायचा नाही. होडीवर गरम पाण्याचा थर्मास आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा. ज्याच्याकडे नसेल त्याला तो ठेवायला लावा.

म्हणूनच तरणतलावात मी बॉयन्सीवर, म्हणजे न बुडता न तरंगता एका पातळीवर राहण्यावर, इतका वेळ घालवते की मुलं कंटाळतात. तळापासून हातभर वर, आडवं, हात छातीशी घेऊन स्थिर राहता आलं की वर सांगितलेल्या चारही माशांचा धोका जवळजवळ संपतो. शिवाय प्रवाळही वाचतं. पायातल्या एका फिनच्या फटक्याने मोडलेला तुकडा वाढायला वर्षं लागतात.

अंदमानला मात्र एक मासा असा आहे जो खरोखर अंगावर येतो. टायटन ट्रिगरफिश. पाऊण मीटरपर्यंत वाढतो, हिरवट-पिवळसर, ओठांवर मिशीसारखी काळी पट्टी, आणि दात शंख फोडणारे. एरवी तो प्रवाळाचे तुकडे उलथत आपल्या कामात असतो. अंडी घातली असतील तेव्हा घरट्याभोवतीची हद्द राखतो, आणि ती हद्द घरट्यापासून वर पृष्ठभागाकडे रुंदावत जाते. डायव्हर घाबरून वर जातो तेव्हा तो हद्दीतच राहतो आणि मासा पाठ सोडत नाही. आडवं निघायचं, तळाला धरून, ज्या बाजूने आलात त्या बाजूला, फिन्स माशाकडे ठेवून, म्हणजे चावलाच तर फिनला चावेल. हल्ल्याआधी तो बहुतेक वेळा पाठीचा काटा ताठ उभा करतो आणि अंग तिरकं करून एका डोळ्याने बघतो. तो काटा उभा दिसला की तिथून निघा. याच कुळातला लालदात्या ट्रिगरफिश गडद निळा, छोटा, मोठ्या थव्याने फिरणारा. तो गेल्या काही वर्षांत कोकणातल्या जाळ्यांत ढिगाने येऊ लागला आहे. त्याचा डायव्हरला त्रास नाही.

मोरे वाम तोंड उघडं-मिटं करते म्हणजे धमकावते असं वाटतं. ती फक्त कल्ल्यांवरून पाणी नेत असते, श्वास घेत असते. तिच्या घशात दुसरा जबडा असतो आणि तो पुढे येऊन भक्ष्य आत ओढतो, हे २००७ मध्ये उजेडात आलं. तेव्हा कपारीत बोट घालू नका, बाकी भीती नको. बॅराकुडाचंही तसंच. चमकणारं घड्याळ, साखळी त्याला छोट्या माशासारखी वाटू शकते, ती होडीवर ठेवा. केंड मासा फुगवून फोटो काढायची पद्धत आहे, ती क्रूर आहे. फुगणं हा त्याचा शेवटचा उपाय असतो आणि त्यात त्याची शक्ती खर्च होते.

आता खरा आनंद. अंदमानला एखाद्या उंच प्रवाळाच्या टोकाशी थांबा आणि बोटाएवढा, निळसर, अंगावर काळी आडवी पट्टी असलेला मासा शोधा. तो क्लीनर रास. तो वरखाली नाचत पोहतो, आणि गिऱ्हाइकं रांग लावतात: गोब्रा, स्नॅपर, पॅरटफिश, कधी मोरे. गोब्रा येतो, स्थिर होतो, रंग फिका करतो, तोंड आणि कल्ले उघडतो, आणि हा चिमुकला मासा त्याच्या दातांमधून आत शिरून परजीवी वेचतो. ऑस्ट्रेलियातल्या प्रवाळांवरच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक क्लीनर रास दिवसाला दोन हजारांहून जास्त मासे तपासतो आणि बाराशेच्या आसपास परजीवी खातो असं आढळलं. त्याला आवडतं मात्र माशाच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण. कधी तो त्याचा चावा घेतो, गिऱ्हाईक दचकतं, काही वेळा त्याचा पाठलागही करतं, आणि मग तो पंखांनी त्याची पाठ चोळून समजूत घालतो. या सगळ्यात एक तोतयाही असतो, हुबेहूब तसाच रंग, तसंच नाचणं, पण जवळ येऊन पंखाचा तुकडा तोडून पळणारा. त्याचं तोंड थोडं खाली असतं, एवढीच खूण. अशा ठिकाणी पाच मिनिटं थांबलात तर अख्ख्या खडकावर फिरून दिसतील त्याहून जास्त मासे तुमच्यापुढे येऊन जातील. मी नव्या डायव्हरला फिरवण्यापेक्षा थांबवते ते यासाठी.

पॅरटफिशचं खाणं तुम्हाला ऐकूच येईल, कुरकुर असा आवाज. चोचीसारख्या दातांनी ते प्रवाळाचा दगड खरवडतात, शेवाळ पचवतात आणि दगडाची पूड बाहेर टाकतात. मोठा पॅरटफिश वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. क्लाऊनफिश तर तुम्ही शोधालच. समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोनच्या) डंख मारणाऱ्या शुंडांमध्ये राहणाऱ्या त्या कुटुंबातला सर्वांत मोठा मासा मादी असतो, त्याखालचा नर, बाकीचे वाढ रोखून थांबलेले. मादी गेली की नर मादी होतो आणि खालचा एक नर बनतो. तेव्हा कुणी हौसेने सर्वांत मोठा मासा मत्स्यपेटीसाठी पकडला तर अख्ख्या घराची वीण काही काळ थांबते.

पाव आणि बिस्किटं टाकून मासे गोळा करणाऱ्या गाइडला स्पष्ट नको म्हणा. फोटो भरगच्च येतो, पण शेवाळ खाणारे मासे आपलं काम सोडून माणसामागे फिरायला लागतात आणि हाताला चावायची सवयही तिथूनच लागते. समुद्रघोडे, व्हेल शार्क, प्रवाळ यांना कायद्याचं संरक्षण आहे. व्हेल शार्कला ते २००१ मध्ये मिळालं. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा पिशवीत घालून मुंबईला आणणं गुन्हा आहे.

ओळख पटवण्यासाठी रंग लक्षात ठेवू नका, तो खोलीनुसार बदलतो. अंगाचा आकार, शेपटीची टोकं, डोळ्यावरून पट्टा जातो का, एकटा होता की थव्यात, वाळूवर की छताखाली, आणि किती मीटरवर, एवढं पाण्याखाली लिहायच्या पाटीवर लिहा. फोटो असेल तर जागा आणि तारखेसह आयनॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. नाव बहुतेक वेळा कुणीतरी जाणकार सांगतो, आणि मालवणच्या खडकांवर कोणता मासा कोणत्या महिन्यात होता याची नोंद अभ्यासकांना मिळते.